दोनशे सतरावं भोक

२ नोव्हेंबर, सकाळ
वर्षातली पाचवी नोकरी. यावेळी टिकणार. आईला फोनवर तसं सांगितलं. म्हणाली, मामाने शब्द टाकलाय, त्याचं नाक कापू नकोस.
वेधशाळेतलं काम सोपं. दुर्बिणीत बसवायच्या धातूच्या थाळीला तीनशे भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक तारा. दिवसा प्रत्येकात केसाएवढी काचेची फायबर खोचायची. रात्री तिच्यातून ताऱ्याचा उजेड खालच्या यंत्रात जातो, तिथे त्याचे रंग वेगळे होतात. मामा तीस वर्षं हेच करतोय. मी सहा महिन्यांत त्याला मागे टाकीन.

५ नोव्हेंबर
इथल्या शास्त्रज्ञ मॅडम म्हणाल्या, २१७ जपा. तो तारा चौदा वर्षांतून एकाच रात्री झाकोळतो, यंदा ९ तारखेला. मागच्या खेपेला ढग आले. डिसेंबरात त्या रिटायर. म्हटलं, निश्चिंत राहा. उद्यापासून मोबाइल बंद.

९ नोव्हेंबर
मोबाइल चालूच. आईचा फोन आला तर?
२१७ ची फायबर बोटाला गुंडाळून खिडकीतल्या कोळ्याचं जाळं बघत बसलो. बारीक ‘टिक्’ झालं. वरून धडधाकट दिसते. खोचली.

दुपारी चार
तपासणी. फायबरच्या खालच्या टोकांना टॉर्च दाखवला की वर सगळी भोकं उजळतात. मामा वाकून म्हणाला, भाचेबुवा, २१७ अंधारं दिसतंय रे. म्हटलं, चमकतंय की, चष्मा पूस. दोनदा पुसला. असेल बाबा, तुझे डोळे तरुण, म्हणाला आणि सही केली.
खोटं नाही बोललो. चमकल्यासारखं वाटलं होतं.

१० नोव्हेंबर
दोनशे नव्याण्णव आलेख झकास. २१७ ची सपाट रेघ. मॅडम कागद धरून उभ्या. काल आकाश किती स्वच्छ होतं, एवढंच म्हणाल्या. मी तोंड उघडणारच होतो, तेवढ्यात मामा म्हणाला, चूक माझी, माझे डोळे गेले. वडीलधाऱ्यांना मध्येच तोडणं बरं नव्हे.

११ नोव्हेंबर
जेवण झालं की मामाला सांगायचंच.
जेवल्यावर डोळा लागला.

१३ नोव्हेंबर
मामाने नोकरी सोडली. टॉर्च माझ्या हातात दिला. म्हणाला, आता तुझ्याच डोळ्यांवर भिस्त.
तो गेल्यावर थाळीखाली टॉर्च लावला. सगळे ठिपके लखलखीत. २१७ काळं ठिक्कर.
फाटकापर्यंत धावलो. मामाची बस सुटली होती. ओरडलो, दोन्ही हात हलवले. त्याला वाटलं, निरोप देतोय. खिडकीतून त्यानेही हात हलवला.