एका वेळी एकच

अक-बुलाक,
९ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय एर्मेक,

अनेक आशीर्वाद. बाबांना सलाम सांग. इकडे सगळे खुशाल आहेत. आमची आयझान आता भिंत सोडून चार पावलं टाकते. शुक्रवारी तिच्या पहिल्या पावलांचा समारंभ, पायांना बांधलेला दोरा कापायचा, आणि त्यासाठी तू बाबांना खिंडीतून घेऊन येणार असं कळलं.

येऊ नकोस.

तुमच्याकडे फोन लागत नाही, म्हणून नूरदीनच्या जीपबरोबर हे पत्र धाडतोय. तीन दिवस हिम पडलं, आणि वाऱ्याने ते सगळं आमच्या बाजूच्या उतारावर आणून टाकलंय. खाली जुनं हिम साखरेसारखं सुटं, वर हा जड थर. पाय दिला की आतून धप्प आवाज येतो. गाडीरस्त्याने वळसा घालून या. समारंभ पुढे ढकलू.

'सगळे खुशाल' हे मी सवयीने लिहिलं. रविवारी मी आणि सासरे वर घोडे बघायला गेलो होतो. हिवाळ्यात डोंगरात नेतो त्या पाहुण्यांना मी रोज घसा फोडून सांगतो, उतार एकेकट्याने ओलांडा, बाकीच्यांनी थांबून बघा. सासऱ्यांना तेच म्हटलं, तर म्हणाले, "मला एकट्याला पुढे धाडतोस? जावई आहेस की कोण?" वडीलधाऱ्याला एकटं सोडायचं नाही, हे आपल्या हाडात मुरलंय ना. लाजलो आणि निघालो मागोमाग. दोघांचं वजन पडलं. माझ्या पायापुढून चीर गेली, उतारावरचं हिम सुटून खाली धावलं आणि म्हातारा त्यात दिसेनासा झाला. मी काठावर राहिलो ते निव्वळ नशिबाने.

हिमाखाली गाडलेल्याचा ठाव सांगणारं शोधयंत्र मी त्यांच्या अंगावर बळेच बांधलं होतं, म्हणून सापडले. अकरा मिनिटं खणत होतो. चेहरा निळा, श्वास नाही. तोंडाने श्वास भरत राहिलो तेव्हा कुठे खोकले. बरगड्या मोडल्यात. झिपाराला सांगितलंय, घोड्याने पाडलं. तिच्या बापाला मी असं पुरलं होतं, हे बायकोला सांगायची माझी छाती नाही. तू तिच्यापाशी हे बोलू नकोस. छपरावरून हिम घसरलं तरी मला घाम फुटतो.

काल सासऱ्यांना तुमचा बेत सांगितला. डोळे न उघडता म्हणाले, "त्याला लिही, बापाचा अपमान कर."

म्हणून सांगतो, ऐकलं नाहीस आणि खिंडीतून निघालासच, तर बाबांना उतारावर एकटं जाऊ दे. शिव्या घालतील, घालू देत. तू कडेला थांब आणि त्यांच्यावरची नजर हलवू नकोस. दोघंही खाली गेलात तर खणायला कोण उरेल?

मान राखायला गेलेला आणि अजून थरथरणारा,
तुझा दादा
बोलोत