सात कॅसेटी आणि तुमची पेटी

बाबा, काल बेंबळीहून तुमचे ढोलकीवाले काका आले होते. नातवानं मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. तुमच्या गायन पार्टीतले आता तेवढेच उरलेत. चहाचा कप हातात घेतला न घेतला तोच म्हणाले, "मास्तरची पेटी लाव बाई. उजवा कान गेलाय, डावाबी चाललाय. तेवढं एकदा ऐकलं म्हंजे सुटलो." मी ट्रंकेतून सातही कॅसेटी काढल्या. त्यांत काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि काय नाही तेही.

त्या दुष्काळात दूध सोसायटीला कुलूप लागलं, जनावरं दावणीवरून गेली आणि अख्खी वस्ती पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. तुम्ही गेला नाहीत. दगड उचलून बोटं गेली तर पेटी गेली, असं तुमचं म्हणणं, आणि आईचंही तेच. तुमच्या वाटचं घमेलं ती उचलायची. दुपारच्या सुट्टीत तुमची पार्टी तिथंच, भरावाजवळच्या लिंबाखाली बसायची. बाबासाहेबांची गाणी व्हायची, आणि दर दोन कडव्यांच्या मध्ये तुम्ही एकटे पेटी वाजवायचा. मी तेव्हा नुकती शाळेवर लागलेली. उमरग्याहून आणलेला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मी समोर बसले आहे. आई मागं बसली आहे, दोन्ही तळहातांना चिंध्या बांधून. कडवं संपतं, काका ढोलकी हळू करतात, तुमची बोटं सुटतात. बायका भाकरीचा घास हातात तसाच धरून ऐकायला लागतात, आणि मी खटका दाबून टेप बंद करते. पुढचं कडवं आलं की पुन्हा सुरू. प्रत्येक गाण्याला हेच.

तुम्ही एकदाच विचारलंत, "माझी पेटी आली की खटका का दाबतीस गं?" मी म्हणाले, "कॅसेट पुरत नाही बाबा. आधी शब्द भरून घेते. पेटी काय, घरी रोजचीच आहे." तुम्हाला ते इतकं पटलं की पार्टीतल्या प्रत्येकाला सांगत सुटलात, "पोरगी लई हुशार हाय, कॅसेट वाचवती." पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. पेटी विहाराला देऊन टाकली. ती घरची रोजची पेटी मी एकदाही भरून घेतली नव्हती.

काल काका टेपला कान लावून बसले. गायकाचा आवाज येत होता, त्यामागं तुमचा धरलेला सूर येत होता, तेवढाच. कडवं संपत आलं की काका गुडघ्यावर ठेका धरायचे. "आता बघ, हितं मास्तर सुटायचा," म्हणायचे, आणि खट. लगेच पुढचं कडवं. तिसऱ्या कॅसेटीला त्यांनी हात खाली ठेवला. "पेटी कुठं गेली गं?" मी चौथी कॅसेट हातात घेतली. मग त्यांनीच माझी समजूत काढली, "असू दे. कॅसेटच पुरत नव्हती, त्याला तू तरी काय करणार? मास्तर सांगायचा की, पोरीनं वाचवून वाचवून भरलंय." मी मान हलवली. व्हय काका, म्हणाले.

ते गेल्यापासून मी पुन्हा टेप लावून बसले आहे. आज स्वयंपाक केलेला नाही. कडवं संपल्यावर आणि खटका पडायच्या आधी तुमचा एखादा सूर निसटून आत आला असेल, म्हणून पुढं-मागं करून शोधते आहे. दोन ठिकाणी सुरुवात आहे. तुमचं बोट पेटीवर पडतं, आणि खट. सारखं फिरवून फीत आता ताणली आहे, तेवढंही राहतंय की नाही कोण जाणे. मला दुसरं काही सुचत नाही बाबा. माझ्याच हातानं मी तुम्हाला बंद केलं, एकदा नाही, शंभरदा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. कालचं खोटं तरी मोडायला हवं होतं, काकांसमोर तेही जमलं नाही. आईच्या तळहातांकडं बघितलं की मला तुमच्या बोटांचा राग यायचा. कॅसेट पुरत होती, बाबा. सातही कॅसेटींची दुसरी बाजू अजून कोरी आहे.