शुद्धीवर येतानाचं नाव

प्रिय लिंबानी,

जोहान्सबर्गला गेलेला माणूस परत आला नाही की इथे त्याचा विषय काढत नाहीत. तुझी आई मात्र काढते, शिव्या घालायला का होईना. "मेला असता तर रडून मोकळी तरी झाले असते!" म्हणते आणि लगेच तुझ्या वाटणीची मक्याच्या पिठाची न्सिमा झाकून ठेवते. मीही रागावते, आणि बस आली की दारात जाते. तू यावास, एवढंच मला हवंय.

तू विचारायचास, सुई टोचून तू माणसांना करतेस तरी काय? मी 'झोपवते' म्हणून वेळ मारून न्यायचे. झोप नसते रे ती. झोपलेल्याला चिमटा काढला तर तो उठून बसतो. भुलीचं औषध रक्तातून मेंदूत जातं आणि पेशींना शांत करणारी अंगातलीच जी सोय असते, तिचा जोर वाढवतं. मग मेंदूचे भाग एकमेकांशी बोलेनासे होतात. बाजारातल्या बायकांनी अबोला धरावा तसं. सगळ्या जागच्या जागी, पण बातमी पुढे जात नाही. पोट कापल्याचीही नाही. आमच्याकडे वापरतात ते केटामाइन आणखी वेगळं. त्यात डोळे उघडेच राहतात, पण समोर उभी असलेली मी त्या माणसाला दिसत नाही. जाताना बसच्या खिडकीतून तू तसाच बघत होतास.

औषध मेंदूतून लवकर उतरतं, पण लगेच संपत नाही. स्नायूंत, चरबीत जाऊन बसतं आणि सावकाश निघतं. माणूस हिंडूफिरू लागला तरी थोडं अंगात असतंच. नव्या मुलींना हे शिकवताना मला तुझी फार आठवण येते.

मागे एक बाई शुद्धीवर येईना. कार्डावर ग्रेस लिहिलेलं, म्हणून मी 'ग्रेस, ग्रेस' करत बसले. बाहेर नातेवाईक रांधतात त्या चुलीपाशी तिची आजी होती, ती आत डोकावून म्हणाली, "अगं बये, ग्रेस तिला पाद्री म्हणतो! घरी ती नासिबेको." तशी हाक मारली आणि तिने डोळे उघडले. औषध उतरतच आलं होतं, हे मला कळतं. तरी तेव्हापासून भूल देण्याआधी मी प्रत्येकाला घरचं नाव विचारते.

आता माझीच पंचाईत झालीय. माझ्या पोटात गाठ आहे, ती काढायचीय. भूल माझी जोडीदारीण टियोनी देणार. तिने माझाच नियम मला लावला, "बोला सिस्टर, घरी काय म्हणतात?" तुझी आई मला सूनबाई म्हणते, दवाखाना सिस्टर म्हणतो. माझ्या मोठ्या कानांवरून तू ठेवलेलं ते सशाचं नाव मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ते ऐकायचं नाही. चहाची तोडणी सुरू व्हायच्या आत ऑपरेशन आहे. बसवाल्या योनाकडे हे पत्र देतेय. त्याच बसने ये. दवाखान्याबाहेरच्या ओट्यावर आई बसेल, तिच्याशेजारी तुझी जागा ठेवायला सांगितलीय. तिला म्हटलंय, आधी त्याला आत हाक मारायला पाठवा, शिव्या मग द्या.

तुझीच,
कलुलू