बांधाकडचं कणीस

नळदुर्ग, २ फेब्रुवारी २०२५

ती. आण्णाकाकांस, अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमचं समजावणं अर्ध्यात तुटतं, म्हणून हे पत्र. ज्वारीच्या कुठल्याही रानात बांधाकडची कणसं मधल्यांपेक्षा टपोरी का असतात? आमच्या बियाणे गटातल्या अकरा जणींनी येत्या पेरणीला दुकानातलं पाकीट न आणता सासूबाईंचीच ज्वारी पेरायचं ठरवलंय. म्हणून मी बांधाकडची चाळीस जाडजूड कणसं हेरून त्यांना लाल दोरे बांधले. सकाळी पाहते तर सासूबाईंनी सगळे सोडलेले. कारण विचारलं, तर एवढंच म्हणाल्या, "ती भाकरीला. बियाला न्हाय." पुढच्या सोमवारी, दहा तारखेला, काढणी आहे. बियाणं फसलं तर गट पहिल्याच वर्षी मोडेल. कुणाचं ऐकू?

काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची अर्पिता


कळंब, ५ फेब्रुवारी

चि. सौ. अर्पितास, आण्णांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सासूबाईंचे ऐक. कारण मोठे मौजेचे आहे. मधल्या ताटाला, म्हणजे ज्वारीच्या उभ्या धाटाला, चारी बाजूंनी शेजारी. ऊन, ओल, खत, सगळ्यात वाटेकरी. बांधाकडच्या ताटाची एक बाजू मोकळी. त्याचा आकार जागेने दिलेला आहे, तो बियाण्यात उतरत नाही. शिवाय शेजारच्या रानातील पाकिटाच्या ज्वारीचे परागकण वाऱ्याने आधी आपल्या कडेलाच येतात आणि वाणात भेसळ शिरते. तेव्हा वीसेक पावले आत जा. दाटीत वाढूनही ज्याचे कणीस भरले आणि ताट लोळले नाही, ते निवड. मात्र एकाच कोपऱ्यातून नको, साऱ्या रानातून घे. आणि दोरे सासूबाईंनाच बांधू दे.

घरी सर्वांना आठवण सांग. शंका असतील तितक्या पाठव; त्यांची मला भूक आहे.

तुझा आण्णाकाका


नळदुर्ग, १४ फेब्रुवारी

ती. आण्णाकाकांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सोमवारी दुपारी रानातच मिळालं, तोवर निम्मी ज्वारी आडवी झाली होती. मी मोठ्यानं वाचलं. सासूबाईंनी काढणी थांबवली आणि प्रत्येक ताट हातानं वाकवून पाहत एकशे दहा कणसं काढली. अकरा जणींना दहा-दहा आली. प्रत्येकीला पाचेक गुंठ्यांपुरतं बियाणं झालं. मी बांधाकडच्या कणसांकडे वळून पाहिलं, तर "त्याच्या भाकरी थापायला माझी ना न्हाय," असं म्हणून सासूबाई हसल्या.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रांतून येत राहू द्या.

तुमची अर्पिता

ता. क. कणसाचा आकार जागेने येतो, बियाण्यात उतरत नाही, हे तुमचं म्हणणं सासूबाई असंच मान्य करणार नाहीत. बांधाकडचे वीस आणि मधले वीस दाणे त्या भर रानाच्या मध्यभागी, शेजारी-शेजारी दोन ओळींत, सारख्या अंतरावर पेरणार आहेत. कुठली ओळ कुठली, हे फक्त त्यांना ठाऊक असेल. पुढच्या काढणीला तुम्ही यायचं आणि कणसं पाहून बांधाकडची ओळ दाखवायची. ओळखता आली, तर तुमचं पत्र चुलीत. नाही ओळखता आली, तर तुमचं खरं.