अडीच हजार किलोमीटर

१ जुलै, मंगळवार
गाडीच्या विम्याचा खरा खर्च: हप्ता नऊ हजार चारशे, मधुसूदन एजंटला दोन प्लेट तर्री-पोहे, आणि माझा दीड तास. वाचवले मात्र साडेतीन हजार!

आपल्या घरात गाडी चालवायची ती मिनलच. ती आता एम.एस्सी.ला अमरावतीच्या होस्टेलवर चालली. मी वाडीच्या गोदामात स्कूटरनं जातो, चारुशीलाला स्टिअरिंगची भीती. म्हणजे गाडी उभीच. मग कमी किलोमीटरची पॉलिसी घेतली — वर्षाला अडीच हजार. त्यावर गेली आणि ठोकली, तर दुरुस्ती आपल्या खिशातून.

मधुसूदन म्हणाला, "भाऊ, पोरगी बाहेर चालली तर साडेसात हजारवाली घ्या."

आवाजातच कमिशन ऐकू आलं. वाडीत हमाली करायचो तेव्हा ट्रकच्या घरघरीवरून सांगायचो आत माल किती आहे ते. मला एजंट शिकवतो!

म्हटलं, "लिहून ठेव गा. वर्षभरात मीटर दोन हजाराच्या वर सरकणार नाही."

६ जुलै
मिनलला सोडून आलो. जाऊन-येऊन ३२०. हे धरलंच होतं.

९ जुलै
फोनवर मिनल नुसतं "हो बाबा" म्हणाली. नाक बंद. रडली असणार. चारुशीलाचं मत — सर्दी आहे. तिचे कान साधे आहेत.

१३ जुलै, रविवार
जाऊन आलो. सर्दीच होती. पण होस्टेलची गादी पातळ निघाली, म्हणजे फेरी वाया नाही गेली.

२० जुलै
गादी पोचवली. गादी काय कोणी बसमध्ये नेतं?

१७ ऑगस्ट
गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. म्हणून आज फिरवून आणली. अमरावतीपर्यंत. चारुशीलानं विचारलं, "अहो, बॅटरी आपल्या हुडकेश्वरातल्या हुडकेश्वरात चार्ज नाही होत का?" विचारलं तेव्हा ती पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर चिवड्याचा डबा.

२८ सप्टेंबर
सातवी फेरी, गावातलं किरकोळ फिरणं वेगळं. निघताना किल्ल्या द्यायला गोदामाशी थांबलो, तर नेमका मधुसूदन! गाडी काय म्हणते म्हणाला. उभी आहे म्हटलं. खोटं नाही बोललो. गोदामासमोर उभीच होती — अमरावतीकडे तोंड करून.

१९ ऑक्टोबर
मिनल दिवाळीला आली. बसनं. तीन तास मस्त झोपून आले म्हणाली.

संध्याकाळी गाडी घेऊन फुलं आणायला निघाली, आणि स्टिअरिंगजवळ मी चिकटवलेली चिठ्ठी तिनं वाचली: "उरले ८८." फुलं राहिली बाजूला, आत येऊन माझ्याजवळ बसली.

"बाबा, थोडे दिवस येऊ नका. मले घराची आठवण येऊच देऊन नाही राहिले तुम्ही."

हसतच म्हणाली. पण हसण्याच्या खाली काय आहे ते ऐकू आलं. दर रविवारी मैत्रिणी कुठे कुठे जातात, आणि ही गेटवर बापाची वाट पाहत उभी. हो म्हणालो. फुलं मीच आणली, स्कूटरनं.

२६ ऑक्टोबर
मिनल परत गेली. बस स्टँडवर सोडलं — स्कूटरनं. गाडी जागची हलली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
गाडी पुसली.

९ नोव्हेंबर
पुन्हा पुसली. मिनलचा फोन आला. आज मैत्रिणींसोबत चिखलदऱ्याला गेली होती. आवाज एकदम स्वच्छ. चारुशीला म्हणाली, आता तरी बरं वाटलं? वाटलं की! टायर तेवढे एका जागी बसतात, ते बघायला हवेत.

१६ नोव्हेंबर
अमरावतीच्या वाटेवर कोंढाळीपर्यंत गेलो. चहा घेतला. परत फिरलो.
मीटर: २,५२८. पॉलिसीचे साडेसात महिने बाकी आहेत.