लाथांची हजेरी

३ जून
अनुजा काल माहेरी आली. सातवा संपत आलाय. पहिलं बाळंतपण आईकडंच — रीत आहे! जावई पुण्यात नोकरीला, फोनवर म्हणतात, "टेन्शन घेऊ नको." म्हणजे झालं त्यांचं काम.
अनुजाचा हात सारखा पोटावर. गेल्या वर्षी एक बाळ चौथ्या महिन्यात गेलं, तेव्हापासून ही अशीच. "आई, हलत नाही गं." मी म्हटलं, "झोपलं असेल. आजीचे लेख ऐकून."
हसली नाही.

५ जून
लाथा मोजते. वहीत वेळेसकट लिहून ठेवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदा गमावलंय तिनं. उपदेश नको, सोबत द्या."
पंचवीस वर्षं पेपरात लोकांची टर उडवून पोट भरलं. सोबत कुठल्या तोंडानं देतात?
रविवारच्या सदराला विषय मात्र मिळाला.

८ जून
'लाथांची हजेरी' छापून आलं. नाव बदललं होतं मी! शेजारच्या बयाबाई दारातनंच ओरडल्या, "हसून हसून मेले की ओ! आपली अनुजाच हाय न्हवं ती?"
अनुजा आत मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

९ जून
भांडली असती तर बरं. नुसता सासूला फोन केला. शालूबाई दुपारी चंदगडहून एसटीनं तिला न्यायला हजर.
मी रीत काढली. तिकडचा पाऊस काढला, लांबचा दवाखाना काढला.
"दवाखाना लांब हाय, विहीणबाई," शालूबाई म्हणाल्या, "पर आमच्यात तिला कोण हसत न्हाय."
चप्पल घालता घालता अनुजा म्हणाली, "बाळ जाईल याची भीती होतीच. आता आणखी एक आहे. उद्या मीही त्याच्याशी तुझ्यासारखी बोलले तर?"
दोघी संध्याकाळच्या एसटीनं गेल्या.

१३ जून
संपादकांचा फोन. "भाग दोन द्या, मॅडम! लोक वेडे झालेत!"
त्यांचा फोन ठेवते. अनुजाला लावते, ती उचलत नाही.

१ जुलै
शालूबाईंचा फोन. काल सकाळी अनुजा म्हणाली, हालचाल कमी वाटते. त्यांनी पुढं एक प्रश्न विचारला नाही, हातातली भाकरी टाकून गाडी बोलावली. लगेच ऑपरेशन. मुलगी — पावणेदोन किलो, काचेच्या पेटीत, श्वास घेतेय. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर हाती लागली नसती.
इथं असती, तर तो तास मी थट्टेत घालवला असता.