ती खोलीत कुठे उभी आहे?

१ फेब्रुवारी, शनिवार

परत तेच! बाईंनी माझी कथा कथालेखनाच्या वर्गात मोठ्याने वाचली आणि शेवटच्या पानावर येऊन थांबल्या. विचारतात, हाही माणूस शेवटी देवापुढे गुडघ्यावर येणार का? सगळे हसले. मीही हसले, आतून जळत. कारण आलाच होता हो तो गुडघ्यावर! आत्तापर्यंतच्या चार कथांत मिळून सात जण आलेत. त्यात एक वकील, एक गुरांचा डॉक्टर.

बाई म्हणतात, तुम्ही कथा लिहीत नाही, साक्ष लिहिता. त्यांचे वडील चर्चचे पाळक होते, त्यामुळे त्यांना गंडवता येत नाही. उपासनेत उभं राहून सांगतात ना — मी असा होतो, असा बुडालो, मग प्रभूने हात धरला — लहानपणापासून मी तेवढंच ऐकलंय. गोष्ट म्हटलं की मला तोच आकार सुचतो. कामावर मी एकाच साच्याची दातांची कवळी दहा जणांच्या तोंडात कोंबली असती तर मालकांनी मला कधीच घरी बसवलं असतं. हे मात्र पाच महिने चाललंय आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

ठरलं. पुढची कथा दादाची. आणि तिच्यात कोणीही गुडघ्यावर येणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दादाने आज पुन्हा साक्ष दिली. नवीन माणसं आली की पाळकसाहेब त्याला हमखास उभं करतात. आता मला पाठच झालीय. मी दारू प्यायचो. मी आईवर हात उचलला. तिचं मनगट मोडलं. त्या दिवशी घरात आईशिवाय कोणी नव्हतं, पण देव होता. इथे बायका डोळे पुसतात. आई पहिल्या बाकावर, वाकडं मनगट शालीखाली, चेहऱ्यावर काही नाही.

अकरा वर्षं! याने देवाची क्षमा मागितली, मंडळीची मागितली, आईची मागितली. माझी? तीन महिने आईची वेणी कोणी घातली? तिचा घास कोणी कालवला? याच्या साक्षीत देव आहे, आई आहे, ज्याने दारू सोडवली तो डॉक्टरसुद्धा आहे. मी नाही.

बाहेर सायकल काढताना विचारलंच. तुझ्या साक्षीत मी कुठे असते रे? दरवेळी विचारते. दरवेळी त्याचं उत्तर तेच.

"राहू दे ना, मने. तू कशाला त्यात?"

आणि माझ्या सायकलच्या चाकात हवा आहे का ते दाबून बघत बसला. तळपायाची आग मस्तकात गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिहून झाली. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत, कामाच्या टेबलावरच. पानांवर प्लॅस्टरचे पांढरे डाग पडलेत, असू देत. मंडळीच्या मासिकाचा विशेषांक निघतोय, विषय काय तर क्षमा. म्हटलं, घ्या क्षमा! नाव बदललंय, मनगट बदललेलं नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

मला एवढंच हवंय. सगळ्यांनी वाचावी आणि दादाने एकदा खाली मान घालावी. प्रभू, ही प्रार्थना नाही, नुसतं सांगतेय.

८ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतला निवृत्त पोस्टमन तर चष्मा पुसत होता. मी हवेत!

मग बाईंनी कागद परत दिले. समासात लाल पेनाने एकच ओळ — ती खोलीत कुठे उभी आहे?

मला कळेना. ती म्हणजे कथेतली बहीण. ती खोलीत नाहीच. ती गाण्याच्या सरावाला गेलीय, घरी येते तेव्हा आई जमिनीवर पडलेली. सरळ आहे. बाई म्हणाल्या, मग भावाच्या मानेवरचा घाम तिने कधी पाहिला? त्याने स्टूल डाव्या पायाने उडवलं, चमचा कपाटाखाली गेला, हे तिला कोणी सांगितलं? मी म्हटलं, आईने. त्यावर त्या म्हणतात, पडलेल्या बाईला मुलाच्या मानेची मागची बाजू दिसत नाही. आणि आणखी एक, तुमच्या या खोलीला डावी बाजूच नाही. उजवीकडचं सगळं आहे, कपाट, टेबल, पाण्याचं भांडं. डावीकडे खिडकी आहे की भिंत, काही नाही. असं का?

मला काय माहीत असं का! नवशिकी आहे, चुकलं असेल. एवढा कीस काढायचा? लोक रडले ना? मग झालं तर! आणि वर शांतपणे विचारायचं, चहा ओतता ओतता. इतकी चिडले की छत्री तिथेच विसरले.

त्या दिवशी मी सरावाला गेले होते. अख्ख्या मंडळीला माहीत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खोटं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाळकसाहेब स्वतः कामावर आले. त्यांची खालची कवळी दुरुस्तीला माझ्याच टेबलावर, त्यामुळे तोंडावर रुमाल धरून बोलत होते. मासिकाला पाठवलेली कथा फार आवडली म्हणे. फक्त शेवटी भावाला पश्चात्ताप झालेला दाखवा. वाचकाला आशा हवी, ताई. दोन ओळी वाढवा.

दोन ओळी! माझी अकरा वर्षं आणि यांच्या दोन ओळी. मनात आलं, देऊच नये कवळी परत. बसा म्हणावं रुमाल धरून पुढचा रविवारभर. दिली. घासून, चकाकवून दिली. माझ्या रागाला कामावर कोण विचारतं?

घरी येऊन बाईंच्या चुका काढल्या. घाम काढला, चमचा काढला, स्टूल काढलं. वाचून बघितलं. कथा मेली. एका घरात एक भाऊ आणि एक आई, कोणाचंही घर, कोणाचीही आई.

आई शेजारी बसून मटार सोलत होती, एका हाताने, तिच्या पद्धतीने. काय लिहितेस म्हणून विचारलं नाही. कधीच विचारत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

छत्री आणायला गेले, वर्गाला नाही. बाई जिन्यात भेटल्या. त्यांना सांगितलं, काढून टाकलं सगळं, आता खूश? म्हणाल्या, काढायचं नव्हतं हो. तेवढंच खरं होतं. खोलीचा नकाशा काढा. कोण कुठे ते टिंबांनी दाखवा. मग बघा, हे सगळं कुठून दिसतं.

काढला. आई, दादा, स्टूल, कपाट, चमचा. पट्टी ठेवून रेघा मारल्या. सगळ्या रेघा आतल्या खोलीच्या दाराशी येऊन मिळतात.

पट्टीची काय गरज होती मला?

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहिते. इथे तरी लिहिते.

सराव रद्द झाला होता. मी आतल्या खोलीत होते. दादा आला तेव्हा चालीवरूनच कळलं, आज जास्त झालीय. मी दार लोटलं आणि कडी लावली. आवाज होऊ नये म्हणून बोट मध्ये धरलं होतं, तरी ती वाजली. त्या दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती, तिथून पाहिलं. डावी बाजू दिसत नव्हती.

आईने हाक मारली. "मने, दार उघड." दोनदा. मग तिसऱ्यांदा मारली नाही.

तो गेल्यावर मी मागच्या खिडकीतून उतरले. तासभर रस्त्यांवर फिरले. मग गाण्याची वही छातीशी धरून पुढच्या दाराने आले आणि किंचाळले, आई हे काय! आई, हे काय! एवढं छान किंचाळले की शेजारी धावत आले. एकोणीस वर्षांची घोडी होते मी. लहान नव्हते.

त्यानंतरची वेणी, घास, औषधं, सगळं त्या कडीसाठी होतं. आणि मी ते त्याच्या नावावर लिहीत आले. राग येतोय, इतका की पेन कागद फाडतंय. दादावरचा कमी झालेला नाही. पण आता त्याच्या जोडीला मीही आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नव्याने लिहिली. अकरा पानं. बहीण दाराआड आहे, कडी आहे, दोन हाका आहेत. कोणी गुडघ्यावर येत नाही, तीसुद्धा नाही. पाळकसाहेबांना सांगितलं, दोन ओळी मिळणार नाहीत आणि जुनी कथा छापू नका. ते कसनुसं हसले. दुरुस्त केलेली कवळी छान बसलीय त्यांना.

आधी दादाने वाचायची. त्याने कडीचं मंडळीत उभं राहून सांगितलं तर सांगू दे. आज कामावर एका कवळीचा सुळा माझ्या हातून तुटला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सभागृहाबाहेरच्या पायरीवर बसून दादाने वाचली. ओळीखाली बोट धरून, सगळी. मग पानं नीट घडी करून माझ्या हातात दिली.

"कडी मला तेव्हाच ऐकू आली होती, मने. आईलाही. घरात कोणी नव्हतं असं सांग, हे तीच म्हणाली होती मला. दवाखान्यात, हाताला प्लॅस्टर घालत होते तेव्हा."